लख्खताईंचं धुवण

ताईंच्या हातचं काम म्हणजे बोट ठेवायला जागा नाही, असं त्या संस्थेत अठ्ठावीस वर्षं म्हटलं जात होतं. आणि असं म्हटलं जातं हे ताईंना पक्कं ठाऊक होतं. नवीन कुणी कामाला लागलं की पहिल्याच दिवशी त्याला तिसऱ्या मजल्यावर पेशींच्या खोलीत आणून ताईंचं टेबल दाखवायचे. पिपेटा उंचीप्रमाणे लावलेल्या, बाटल्यांची लेबलं एका रेषेत, कचऱ्याचा डबासुद्धा असा की त्यात काही टाकायला जीव होऊ नये. "असं ठेवायचं," एवढंच त्याला सांगायचे. तळमजल्यावरच्या स्टोअरवाल्यानं त्यांचं नाव लख्खताई पाडलं होतं. ते त्यांच्या कानावर आलं तेव्हा त्यांनी दोन दिवस राग आल्याचं दाखवलं, रीत म्हणून. मनातून त्यांना ते आवडलं होतं.

काम सांगायला सोपं होतं. रोग्यांच्या गाठींमधून काढलेल्या पेशी प्लॅस्टिकच्या प्लेटांत जिवंत ठेवायच्या, त्यांच्यावर नवेनवे रेणू टाकायचे आणि किती मेल्या ते मोजून सांगायचं. पण या पेशी मरायलाच तयार नसत. एरवी प्रत्येक पेशीत मरायची सोय जन्मापासून असते. पेशी बिघडली की आतलं मारेकरी प्रथिन जागं होतं आणि पेशी स्वतःहून आवरतं घेते. कॅन्सरच्या हट्टी पेशींमध्ये मात्र रखवालदार प्रथिनं इतकी माजलेली असतात की ती मारेकऱ्याला मुठीत आवळून धरतात. मग वरून कितीही औषध ओता, पेशी ढिम्म. ताईंच्या प्लेटांमधल्या पेशी अशाच रोग्यांच्या होत्या. पहिलं औषध लागू पडलं, मग पडेनासं झालं, दुसरंही तसंच गेलं. संस्थेच्या प्रमुख डॉक्टरबाई सकाळी इस्पितळात या रोग्यांना बघायच्या आणि दुपारी इथं यायच्या. "आता पुढचं औषध कोणतं?" हा प्रश्न ऐकूनच त्या रोज जिना चढायच्या.

त्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या मजल्यावर शोधणाऱ्यांत ताईंची भावजय होती. धाकट्या भावाची बायको, हुशार, मितभाषी आणि ताईंच्या मते जरा अव्यवस्थित. चार वर्षं खपून तिनं एक इवलासा रेणू बनवला होता. तो रखवालदाराच्या मुठीत जाऊन बसतो, मूठ सैल पडते आणि मारेकरी सुटतो, अशी त्यामागची कल्पना. त्याचा क्रमांक एक्केचाळीस. तिघं एकाच घरात राहत, एकाच टेबलाशी जेवत, त्यामुळे एक्केचाळीस हा जवळजवळ घरातलाच चौथा माणूस झाला होता. भाऊ शाळेत भूगोल शिकवायचा, पण त्यालासुद्धा एक्केचाळीसच्या पोटातले अणू पाठ झाले होते.

आणि या एक्केचाळीसला ताईंनी नापास केलं होतं.

तीन महिने त्यांनी पुन्हा पुन्हा तपासलं. रेणू टाकला की प्लेटेतल्या पेशी कमी व्हायच्या हे खरं. पण उरलेल्यांना रंग देऊन मोजलं तर मरणाच्या वाटेवर असलेल्या शंभरात जेमतेम सहा. म्हणजे हा रेणू पेशींना मारत नाही, नुसता वाढायचं थांबवतो. औषध बंद केलं की त्या पुन्हा जाग्या होणार. असं औषध घेऊन डॉक्टरबाई काय करणार? ताईंनी आकडा वहीत लिहिला, खाली सही केली आणि त्या दिवशी घरी जाताना भावजयीच्या आवडीची फळं घेतली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे त्यांच्या वहीत चालत नसे. स्वतःच्या घरच्या रेणूला नापास करताना हात अडखळला नाही, याचाही त्यांना थोडा अभिमान होता. शुक्रवारच्या बैठकीत एक्केचाळीस बंद करायचं ठरणार होतं.

सोमवारी सकाळी व्हॅक्यूम पंप जळाला.

ही तशी क्षुल्लक गोष्ट. पेशी प्लेटेच्या तळाला चिकटून वाढतात. मोजण्याआधी त्यांच्या वरचं मीडियम, म्हणजे त्यांना पोसणारं पाणी, काढून टाकायचं आणि तीन वेळा धुऊन घ्यायचं. हे काढलेलं पाणी पंप नळीतून ओढून घेतो, ते ब्लीचच्या बाटलीत पडतं आणि तिथून मोरीत जातं. ताईंचं तीनदा धुणं सगळ्या मजल्यांवर प्रसिद्ध होतं. इतर लोक दोनदा धुवायचे आणि तिसऱ्यांदा धुतल्याचं लिहायचे. पंप दुरुस्त करणारा बुधवारी येतो म्हणाला, तेव्हा ताईंनी पिपेट घेतली आणि सगळं पाणी हातानं ओढून नळ्यांमध्ये भरलं. नळ्या अर्थातच रांगेत लावल्या. मग त्या ब्लीच आणायला खाली गेल्या. स्टोअरवाला जेवायला गेला होता, आणि तो जेवायला गेला की जग थांबलं तरी चालेल. तासाभरानं ताई वर आल्या तेव्हा चार नळ्यांच्या तळाशी पांढरा गाळ बसलेला होता.

ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या प्लेटेत जंतू शिरले नव्हते. चिडून, कुणी बघत नाही ना याची खात्री करून, त्यांनी त्या गाळाचा थेंब काचेवर घेतला आणि मायक्रोस्कोपखाली धरला. निदान कुठला जंतू ते तरी कळेल आणि कुणाच्या निष्काळजीपणामुळे आला तेही.

जंतू नव्हते. पेशी होत्या. आक्रसलेल्या, अंगावर फुगे फुगे आलेल्या, कितीतरी तुटून बारक्या गोल पुडक्यांसारख्या झालेल्या. पेशी चिरडली किंवा फुटली की अशी दिसत नाही. आतल्या सोयीनं, पद्धतशीर आवरून मेलेलीच अशी दिसते. हे मरण ताईंनी पुस्तकात पाहिलं होतं, दुसऱ्या रोगाच्या पेशींमध्ये पाहिलं होतं. या हट्टी पेशींमध्ये कधीच नाही. त्यांनी नळ्यांवरचे क्रमांक पाहिले. चारही नळ्या एक्केचाळीसच्या होत्या, बैठकीआधीच्या शेवटच्या मोजणीच्या. बाकी नळ्या स्वच्छ होत्या.

मरणारी पेशी तळ सोडते. तरंगायला लागते. आणि तरंगणारं सगळं ताई तीन महिने, तीनतीनदा, निगुतीनं धुऊन मोरीत सोडत होत्या. मोजत होत्या ते चिकटून राहिलेल्यांना, म्हणजे अजून न मेलेल्यांना. ज्या माणसानं त्यांना हे काम शिकवलं त्याला फक्त चिकटलेल्या पेशींचा हिशेब हवा असे. तिथं तीनदा धुणं बरोबर होतं. पुढं मोजायची गोष्ट बदलली, ताईंचा हात बदलला नाही. आणि हात इतका नावाजलेला की कुणी त्यावर शंका घ्यायची कशी?

एकीनं घेतली होती. ताई स्टुलावर बसल्या तेव्हा त्यांना ते आठवलं. दीड महिन्यापूर्वी जेवताना भावजय म्हणाली होती, "वन्सं, प्लेट धुतल्यावर ते धुवण कुठं जातं हो?"

"कुठं जाणार? मोरीत."

"त्यात काही जात असेल का आपलं?"

"जे असायचं ते माझ्या प्लेटेत असतं. रेणूत दम नाही तर माझ्या धुवणाला नावं ठेवू नकोस," ताई म्हणाल्या होत्या. भावानं घाईघाईनं सगळ्यांना भात वाढला होता. भावजयीनं पुन्हा तो विषय काढला नव्हता.

रडत बसणं हा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी गाळातल्या काही पेशी रंगवून पाहिल्या, बहुतेक साऱ्या उजळल्या, म्हणजे मरणाच्या वाटेवरच्या. उरलेल्या ताज्या मीडियममध्ये, रेणूशिवाय, नव्या प्लेटेत सोडल्या. नुसत्या सुटून आलेल्या असतील तर सकाळपर्यंत पुन्हा तळ धरतील. मंगळवारी आल्या आल्या त्यांनी प्लेट पाहिली. एकीनंही तळ धरला नव्हता.

आता खरा प्रश्न होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. आजपासून धुवण जपून ठेवायचं, नवा आकडा काढायचा, "पुन्हा केलं तर वेगळं आलं" म्हणायचं. असं होतं, प्रयोगच आहे तो. एक्केचाळीस वाचला असता, ताईंचं नावही वाचलं असतं. ताईंनी हा विचार केला, अगदी सविस्तर केला, लख्खताई झाल्या तरी माणूसच होत्या त्या. पण मग त्यांनी कपाटातल्या जुन्या वह्या काढल्या आणि याच पद्धतीनं आपण आजवर काय काय नापास केलं ते मोजलं. एक्केचाळीस सोडून एकोणीस रेणू निघाले. एकोणीस माणसांची वर्षं, ताईंच्या सहीनं बंद झालेली. त्यातला एखादा खरंच मारणारा असला तर? तो आता फ्रीजरमध्ये पडून असेल आणि डॉक्टरबाई रोज तोच प्रश्न घेऊन जिना चढत असतील. मूठ झाकून ते एकोणीस उघडता येणार नव्हते.

सांगायचं ठरलं. पण कसं? बंद व्हायच्या तीन दिवस आधी नणंदेनं भावजयीचा आकडा सहावरून वर नेला, हे ऐकून कोण विश्वास ठेवणार? ताईंनी स्वतःच ठेवला नसता. म्हणून त्या तळमजल्यावर गेल्या.

स्टोअरवाला हा संस्थेतला सगळ्यात निःपक्षपाती माणूस होता, कारण तो सगळ्यांना सारखंच पाण्यात पाहायचा. सगळे रेणू त्याच्याच फ्रीजरमध्ये असत.

"मला चार कुप्या हव्यात," ताई म्हणाल्या. "एकीत नुसतं द्रावण, एकीत जुनं औषध, एकीत एक्केचाळीस, एकीत एक्केचाळीसचं जुळं." जुळं म्हणजे तसाच दिसणारा, पण एक कोपरा मुद्दाम बिघडवलेला रेणू. तो मुठीत बसत नाही. तो टाकूनही पेशी मेल्या तर समजायचं की मारणारं काहीतरी भलतंच आहे. "कोणती कुपी कशाची ते मला सांगायचं नाही. लेबलं तू लाव, यादी पाकिटात बंद कर आणि शुक्रवारपर्यंत कुणालाही दाखवू नकोस. मला तर नाहीच."

"का?"

"का ते शुक्रवारी."

"लेबलावर काय लिहू? एक दोन तीन चार?"

"काहीही लिही. मला अंदाज करता येऊ नये असं."

तो अर्ध्या तासानं कुप्या घेऊन आला. त्यांच्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: सासरे, साडू, मेव्हणा, आत्या. "याच क्रमानं मला छळतात," तो गंभीरपणे म्हणाला. "पण क्रमाचा कुपीशी काही संबंध नाही. निश्चिंत असा."

मंगळवारी ताईंनी दोन प्लेटा लावल्या. एकीत हट्टी पेशी. दुसरीत त्याच पेशी, पण मारेकरी प्रथिन मुळातच काढून टाकलेल्या. एक्केचाळीस हे साधं विष असेल तर दोन्हींना मारेल. आपल्या वाटेनं जात असेल तर दुसरीला धक्काही लागणार नाही, कारण तिथं सोडवायला कुणी नाहीच. बुधवारी सकाळी पेशींनी तळ धरल्यावर चारही नातेवाईक त्यांच्या अंगावर सोडले आणि दोन दिवस वाट पाहणं सुरू झालं.

वाट पाहणं प्रयोगशाळेत सोपं होतं. घरी अवघड. भावजय जेवणाच्या टेबलावर कागद पसरून एक्केचाळीस बंद करण्याचं टिपण लिहीत बसायची. समोर ताई. ताकास तूर लागू द्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. तिला सांगितलं असतं तर दोघींनी मिळून घरी आकडा शिजवला असं कुणीही म्हणू शकलं असतं. शिवाय प्रयोग उलटा गेला असता तर? एकदा मेलेली आशा पुन्हा उठवून पुन्हा मारायची, एवढं वाईट ताईंना होता येत नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी भावजय म्हणाली, "'अपेक्षित परिणाम आढळला नाही' असं लिहू की 'परिणाम अपुरा'?"

"दोन्ही नको लिहूस आज," ताई म्हणाल्या. "डोळे लाल झालेत तुझे. उठ."

"शुक्रवारी द्यायचंय, वन्सं."

"शुक्रवारी दे ना मग. आज बुधवार आहे."

भावानं बहिणीकडं निरखून पाहिलं. लहानपणी खाऊ लपवलेला असला की ताईंचा चेहरा असाच व्हायचा. पण तो भूगोलाचा माणूस. दोन खंडांच्या मध्ये सापडल्यावर गप्प राहावं, एवढं त्याला कळत होतं.

गुरुवारी भावजय दुसऱ्या मजल्यावरच्या खणातलं सामान एका खोक्यात भरून घरी घेऊन आली. खोकं कोपऱ्यात ठेवलं, हात धुतले आणि सगळ्यांसाठी चहा केला. चार वर्षांचं काम त्या एवढ्याशा खोक्यात मावलं होतं. "पुढं काय करशील?" भावानं विचारलं. "बेचाळीस," ती म्हणाली आणि चहा गाळायला लागली. असं रडू न येता उभं राहायला काय लागतं ते ताईंना त्या क्षणी कळलं, आणि तीन महिन्यांत आपण या मुलीला एकदाही नीट पाहिलं नाही, हेही.

शुक्रवारी सकाळी त्यांनी प्लेटा उतरवल्या. या वेळी एक थेंब वाया गेला नाही. वरचं मीडियम नळीत, पहिलं धुवण त्याच नळीत, दुसरं, तिसरं, आणि मग चिकटलेल्याही सोडवून त्याच नळीत. सगळं सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून खाली बसवलं, रंगवलं, मोजायच्या यंत्राला दिलं. यंत्र एकेक आकडा सांगत गेलं आणि ताई वहीत नातेवाइकांच्या नावापुढं लिहीत गेल्या. एका नावापुढचा आकडा लिहिताना मात्र पेन थांबलं. त्यांनी तो पुन्हा मोजून घेतला, मग लिहिला.

बैठकीला बाराजण होते. भावजय उभी राहिली. पांढरा कोट, हातात ते टिपण, आवाज एकदम स्थिर. "एक्केचाळीस बंद करावा अशी माझी शिफारस..."

"आधी मला बोलू द्या," ताई म्हणाल्या.

त्या बैठकीत कधी बोलत नसत. त्यांची वही बोलायची. सगळ्यांनी माना वळवल्या.

"तीन महिने मी चुकीचं मोजलं," ताई म्हणाल्या. "मेलेल्या पेशी तळ सोडून तरंगतात. मी त्या धुऊन टाकत होते आणि उरलेल्या मोजत होते. मेलेली माणसं बाहेर नेऊन ठेवायची आणि आत येऊन म्हणायचं, घरात सगळे ठणठणीत आहेत, असं ते काम होतं. हिनं मला दीड महिन्यापूर्वी विचारलं होतं, धुवण कुठं जातं म्हणून. मी हिला गप्प केलं. चूक पंपाची नाही, कागदावर लिहिलेल्या पद्धतीची नाही, माझी आहे."

भावजयीच्या हातातलं टिपण तसंच राहिलं.

"फक्त एक्केचाळीसच्या बाबतीत?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नाही. याच हातानं आणखी एकोणीस नापास केलेत. यादी आणली आहे." ताईंनी कागद टेबलावर ठेवला. "आता नवा आकडा. पण मी हिची नणंद आहे, माझ्या शब्दावर जाऊ नका. कोणत्या कुपीत काय होतं ते मला आत्तासुद्धा ठाऊक नाही. पाकीट खाली आहे."

स्टोअरवाल्याला बोलावलं. तो केस विंचरून आला, बंद पाकीट डॉक्टरबाईंच्या हातात दिलं आणि जायचं सोडून दाराशी उभा राहिला.

"ताई, तुमचे आकडे वाचा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

ताईंनी चष्मा लावला. "हट्टी पेशी. सासरे, शंभरात नऊ मेलेल्या. आत्या, चार. मेव्हणा, पाच." त्यांनी श्वास घेतला. "साडू, अडुसष्ट."

टेबलाच्या त्या टोकाला कुणीतरी हसू दाबलं आणि ते दाबलं गेलं नाही. "साडू पहिल्यापासूनच घातकी आहे," दारातून आवाज आला. डॉक्टरबाईंनी पाकीट फोडलं. त्याही हसत होत्या, पण यादीवर नजर गेल्यावर थांबल्या.

"सासरे, जुनं औषध. आत्या, नुसतं द्रावण. मेव्हणा, जुळं." त्यांनी भावजयीकडं पाहिलं. "साडू म्हणजे एक्केचाळीस."

"आणि मारेकरी नसलेल्या पेशींमध्ये?" भावजयीनं विचारलं. एवढं ऐकूनही पहिला प्रश्न तिनं हा विचारला, म्हणून ताईंना तिचा असा काही अभिमान वाटला की त्यांना वही दिसेना.

"चौघंही पाचाच्या आत," त्या म्हणाल्या. "साडूसुद्धा. आतल्या वाटेनंच मारतोय तो. तू म्हणत होतीस तसंच."

भावजय खाली बसली. मग टिपणाची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली.

डॉक्टरबाईंनी पाकिटातली यादी त्या एकोणीसांच्या कागदावर ठेवली. "उद्या सकाळी वॉर्डात मी कुणालाही काही सांगू शकणार नाही," त्या म्हणाल्या. "प्लेटेतून माणसापर्यंत यायला वर्षं जातात, आणि बरेच रेणू वाटेतच राहतात. पण हा बंद होत नाही. ते एकोणीसही पुन्हा तपासायचे." मग त्या ताईंकडं वळल्या. त्यांचा आवाज कठोर नव्हता, पण मऊही नव्हता. "ताई, तपासणी आता दुसऱ्या टेबलावर देते. चूक मोठी आहे. आणि नातंही आहे."

"बरोबर आहे," ताई म्हणाल्या. त्यांना हे अपेक्षित होतं. तरी आपल्या टेबलावरच्या रांगेतल्या पिपेटा त्यांच्या डोळ्यांपुढं आल्या.

"माझी हरकत आहे."

भावजय उभी होती. तिचा आवाज आता स्थिर नव्हता. "नुकसान माझं झालंय ना? मग मला विचारा. स्वतःच्या विरुद्ध आकडा लिहून, स्वतः उभं राहून तो वाचून दाखवणारा दुसरा हात या इमारतीत आहे का, तो मला दाखवा. नसेल तर मला हाच हात हवा. नावं झाका, कुप्या झाका, पाकिटं करा, काय वाटेल ते करा. पण एक्केचाळीस ताईंच्याच टेबलावर जाईल. आणि ते एकोणीसही."

"लेबलं लावायला मी आहे," स्टोअरवाला म्हणाला. "नातेवाईक पुष्कळ आहेत माझ्याकडे."

डॉक्टरबाईंनी सगळ्यांकडं एकदा पाहिलं. कुणाचीच मान नकारार्थी हलली नाही. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "झाकून. दर वेळी झाकून."

बैठक संपली. बाहेर जिन्यात ताई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. चार दिवस न बोलून त्यांचं पोट दुखायला लागलं होतं. भावजय मागून आली आणि दोन पायऱ्या वर थांबली.

"कधी कळलं तुम्हाला?"

"सोमवारी संशय आला. खात्री आत्ता, पाकीट फोडल्यावर झाली."

"सोमवारी!" तिचा चेहरा लाल झाला. "चार दिवस माझ्यासमोर जेवलात तुम्ही, वन्सं. मी सामान भरून घरी आणलं. तुम्ही बघत होतात."

"हो. बघत होते."

"एक शब्द नाही?"

"सांगितलं असतं तर तो अडुसष्ट तुझा राहिला नसता. घरचा झाला असता. लोक म्हणाले असते, नणंदेनं वाढून दिला."

"ते कळतं मला," भावजय म्हणाली. "सगळं कळतं. तुमच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. तरी इतका राग आलाय ना मला, की काय करू!"

"येऊ दे. तो तुझा हक्कच आहे." ताईंनी पदरानं डोळे पुसले, आणि मग सरळच बोलल्या, कारण आडून बोलायची सवय त्यांना कधी नव्हतीच. "तुझा मला फार अभिमान वाटतो गं. रेणूचा नाही, तो तर आहेच. काल तू 'बेचाळीस' म्हणालीस ना, तेव्हापासून."

भावजय दोन्ही पायऱ्या उतरून ताईंच्या शेजारी आली आणि तिनंही कठडा धरला.

"मलाही तुमचा वाटतो," ती म्हणाली. "आज त्या खोलीत उभं राहून तुम्ही बोललात तेव्हा वाटलं, की ही आमच्या घरची बाई आहे. पण ते मी आज सांगणार नाही. आज मी रागावलेय."

"सांगितलंस की."

"ते मोजू नका," भावजय म्हणाली आणि डोळे पुसत पुढं जिना उतरायला लागली. ताई तिच्या मागोमाग निघाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा, सांगितल्याप्रमाणे, त्यांनी ते मोजलं नाही.